बोराटीतून चक् चक् करतंय ते कोण?

या महिन्यात आलेल्या पत्रांमध्ये माळढोक नाही, रोहित नाही, सगळे इवले इवले पक्षी आहेत, आणि मला त्याचा फार आनंद झाला. उजनीवर रोहित आले की गाड्या भरभरून लोक जातात, ते चांगलंच आहे, पण घरामागच्या काट्यात बसलेल्या दहा ग्रॅमच्या जिवाबद्दल कोणी दोन पानं लिहून विचारतं तेव्हा उत्तर लिहायला हात शिवशिवतात. पहिलं पत्र मोठं आहे म्हणून उत्तरही मोठं दिलंय.

प्रश्न : सर, नमस्कार. आमच्या कॉलनीच्या मागं मोकळा प्लॉट आहे, त्यात बोराटी, वेडी बाभूळ, घाणेरी असं सगळं माजलंय. गेल्या दीड महिन्यापासून रोज सकाळी त्यातून चक्... चक्... असा आवाज येतो, कोणीतरी दोन गोट्या एकमेकींवर आपटतंय असं वाटतं. पक्षी दिसतो तो अर्धा सेकंद. चिमणीपेक्षा लहान, अंगावर खूण म्हणून कुठलीच नाही, नुसता मातकट. मोबाईलवर एक फोटो मिळाला तो पाठवतोय, त्यात पानंच जास्त दिसतात. भाचा म्हणतो शिंपी, शेजारचे काका म्हणतात वटवट्या, ॲपनं एकदा एक नाव दिलं नि दुसऱ्या दिवशी दुसरंच. नक्की कोण हा? आणि पलीकडं चांगली कडुलिंबाची झाडं असताना काट्यातच का बसतो? (एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : फोटोपेक्षा तुमच्या त्या गोट्यांच्या वाक्यानं काम केलं. हा ब्लिथचा बोरू वटवट्या. काकांचं अर्धं बरोबर आहे, कारण वटवट्या हे एका पक्ष्याचं नाव नसून अख्ख्या गोतावळ्याचं नाव आहे, आणि सोलापूर परिसरात हिवाळ्यात या गोतावळ्यातले डझनभर तरी प्रकार असतात.

आता कसं ओळखलं ते सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी तुम्हालाच जमेल. आपण सगळे पक्षी दिसला की आधी रंग बघतो, आणि वटवट्यांच्या बाबतीत तिथंच फसतो, कारण यातले निम्मे मातकट आणि उरलेले निम्मे हिरवट-मातकट. रंग शेवटी बघायचा. आधी बघायचं की तो बसलाय कुठं, म्हणजे गवतात, झुडपाच्या पोटात का झाडाच्या शेंड्याला. मग हलतो कसा, शेपटी वर करतो का, पंख झटकतो का, एका जागी थांबतो का. मग बोलतो काय. या तीन गोष्टी नीट बघितल्या, ऐकल्या तर रंग बघायच्या आधीच चार-पाच नावं गळून पडतात.

तुमचा पक्षी झुडपाच्या पोटात आहे, बाहेर येत नाही, आणि एकटा आहे. शिंपी असता तर त्यानं कॉलनी डोक्यावर घेतली असती, टुविट् टुविट् टुविट् करून, आणि शेपटी काठीसारखी उभी धरली असती. राखी वटवट्या किंवा साधा वटवट्या असता तर शेपटी अंगाच्या मानानं लांबलचक दिसली असती आणि ती सारखी वरखाली, डावीउजवी हलली असती. तुमच्या फोटोत पानांमधून जेवढी शेपटी दिसते ती बेताची आहे, खाली सरळ धरलेली. चोच मात्र बघा, लांब आहे, आणि कपाळ चपटं, त्यामुळं चोचीपासून डोक्यापर्यंत एक उतारच वाटतो. डोळ्यावर फिकट भुवई आहे पण ती आखूड, डोळ्याच्या पुढंच ठळक दिसते, मागं विरून जाते. पंखावर पट्टी नाही. हे सगळं एकत्र आलं आणि वर तो कडक चक् आला की दुसरं नाव घ्यायची फार गरज राहत नाही.

याच्या जवळ जाणारा एक प्रकार तुम्हाला त्या प्लॉटमधे भेटू शकतो, तो म्हणजे बूटेड वार्बलर. तो जरा लहान, जास्त फिकट, चोच आखूड, भुवई डोळ्याच्या मागंपर्यंत जाते, आणि शेपटीच्या कडा पांढरट असतात. त्याची हालचाल चटपटीत, एका जागी ठरतच नाही. ब्लिथचा त्या मानानं जड हालतो, फांदीवरून फांदीवर सावकाश उड्या मारत, मधेच थांबून पानाखाली डोकावत. तुमचं ॲप बहुतेक या दोघांमधेच घोटाळत असणार. ॲप वाईट नाही, मीही वापरतो, पण अर्धवट फोटोवरून ते सुचवतं तेवढंच, निर्णय आपण घ्यायचा.

नावाचं म्हणाल तर बोरू म्हणजे पाण्याकाठची नळी, जिच्या लेखण्या करून आपले आजोबा-पणजोबा कित्ते गिरवायचे. या कुळातले बरेच भाऊबंद खरंच अशा पाणवनस्पतींमधे राहतात, म्हणून सगळ्या कुळालाच बोरू नाव पडलं, पण हा गडी मात्र बोरूत फारसा जातच नाही. एडवर्ड ब्लिथ १८४१ साली कलकत्त्याला एशियाटिक सोसायटीच्या म्युझियमचा क्युरेटर म्हणून आला, त्यानं १८४९ साली या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिलं ते डुमेटोरम, म्हणजे काटेरी झुडपांतला. पक्षी कुठं बसतो हे त्यानं नावातच लिहून ठेवलंय, आणि तेच तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे.

उरलेलं निम्मं असं. बोराटीला पावसाळा सरता सरता फुलोरा येतो, दिसायला काहीच नाही, हिरवट-पिवळे ठिपके, पण जवळ जाऊन बघा, माश्या, गांधीलमाश्या, बारीक भुंगे यांची नुसती जत्रा असते. याला खायला तेच लागतं, किडे, अळ्या, कोळी. आणि वरून शिक्रा आला, खालून मांजर आलं तरी काट्यात घुसायची त्यांची हिंमत होत नाही. म्हणजे जेवण आणि संरक्षण एकाच छताखाली. कडुलिंब आपल्याला छान वाटतो, पण त्याचा बुंधा मोकळा, खाली लपायला काही नाही. कडुलिंबाच्या शेंड्याला दुसरा वटवट्या असतो, हिरवट पर्ण वटवट्या, तो चि-स्वी, चि-स्वी करत पानापानांतून फिरतो, पंखावर एक बारीक फिकट पट्टी असते आणि भुवई लांब. तुमच्या कडुलिंबावरही असेल, कान देऊन बघा. दोघं एकमेकांपासून पन्नास फुटांवर, पण एकाचं घर वरच्या मजल्यावर, एकाचं तळमजल्यावर.

आता हे ऐका. हा पक्षी दहा-बारा ग्रॅमचा, म्हणजे अडीच चमचे साखर. हा जन्मला फिनलंडपासून सैबेरियापर्यंत कुठंतरी, रशियात किंवा कझाकस्तानात, एखाद्या नदीकाठच्या झाडोऱ्यात. ऑगस्ट-सप्टेंबरला आपल्याकडं येतो, एप्रिलपर्यंत, काही जण मेच्या सुरुवातीपर्यंत राहतात. म्हणजे वर्षातले सात-आठ महिने तो इथं असतो आणि तिकडं जातो ते पिल्लं काढण्यापुरतं. मग त्याला पाहुणा म्हणायचं का? मला तरी तो जुळे सोलापूरचाच रहिवासी वाटतो. आणि इथं तो मोकाट फिरत नाही, आपला एवढासा इलाका धरतो आणि राखतो, रोज त्याच झुडपातून चक् येतो तो त्यासाठीच, की ही जागा भरलेली आहे, पुढं जा.

म्हणूनच एक विनंती. प्लॉट साफ करायची वेळ कधी ना कधी येणार, साप-विंचवाची भीती खोटी नाही. पण जमलं तर कडेची बोराटीची रांग राहू द्या, किंवा निदान मे महिन्यात साफ करा, भर हिवाळ्यात नको. माझ्या घराजवळ असाच एक तुकडा होता, चार हिवाळे मी सकाळचा चहा घेऊन गच्चीवर गेलो की पहिला आवाज त्याचा यायचा. पाचव्या वर्षी नोव्हेंबरमधे एका सकाळी जेसीबी आला, दुपारी बारापर्यंत सगळं सपाट. त्या संध्याकाळी तो पक्षी कंपाउंडच्या भिंतीवर उघड्यावर बसला होता. एवढ्या वर्षांत मी त्याला पहिल्यांदाच आख्खा बघितला, आणि तसा बघायची माझी अजिबात इच्छा नव्हती.

प्रश्न : आमच्या घरी यंत्रमाग आहेत, टॉवेलचं काम चालतं. मागच्या बोळात कुंडीत जास्वंद आहे आणि शेजारी अंजिराचं झाड. अंजिराची दोन पानं एका पक्ष्यानं चक्क शिवलीत, आणि शिवायला आमच्याच कारखान्यातला दोरा वापरलाय, पांढरा नि गुलाबी! आत तीन अंडी आहेत. पण झाड अगदी जाण्यायेण्याच्या वाटेवर आहे, पोरं हात लावतील, मांजर पण फिरतंय. फांदी कापून वर गच्चीवर नेऊन बांधली तर चालेल का? आणि झाडाला पाणी घालायचं का नाही? (एक वाचक भगिनी, अशोक चौक परिसर, सोलापूर)

उत्तर : ताई, आधी सांगतो, फांदी कापू नका. शिवलेलं घरटं जिवंत पानांवर उभं असतं. फांदी कापली की दोन दिवसांत पान सुकणार, आकसणार, टाके निसटणार. शिवाय जागा हलवली की आई परत येईलच असं नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार घरटी-अंडी हलवणं हा गुन्हाही आहे, पण तुम्ही तर वाचवायलाच निघालाय म्हणून कायद्यापेक्षा पानाचं कारण महत्त्वाचं.

हा तुमचा पाहुणा शिंपी. पाठ हिरवट, पोट मळकट पांढरं, कपाळावर विटकरी टोपी, शेपटी उभी. नराच्या शेपटीची मधली दोन पिसं विणीच्या काळात आणखी लांब होतात. ओरडताना त्याची मान जवळून बघा, ताणली की दोन्ही बाजूंना काळा डाग दिसतो, गप्प बसला की गायब. ते पिसाखालचं उघडं कातडं आहे.

शिवणकाम मादी करते, आणि ते कसं करते हे तुमच्यासारख्या दोऱ्याशी रोज व्यवहार असणाऱ्या माणसाला सांगायला मला जास्त आवडेल. ती पानाच्या कडेला चोचीनं बारीक भोक पाडते, इतकं बारीक की पान तपकिरी पडत नाही, मरत नाही. मग त्यातून कापूस, कोळ्याचं जाळं, झाडाचा धागा किंवा तुमचा टॉवेलचा दोरा ओढते. आपण सुईनं एकसलग शिवत जातो तसं ते नसतं, प्रत्येक टाका वेगळा. धाग्याचं टोक बाहेरच्या बाजूला पिंजारून फुगतं आणि भोकात अडकून बसतं, रिव्हेट मारल्यासारखं. म्हणूनच कापसाचा, जरा फुसफुशीत दोरा तिला सोयीचा, आणि मागाखाली पडलेली तुमची सगळी रोजची कसर तिच्यासाठी दुकान मांडल्यासारखी आहे. पान वळवताना ती वरची हिरवी बाजू बाहेर ठेवते, त्यामुळं लांबून बघणाऱ्याला नुसतं पान दिसतं. तुम्हाला गुलाबी दोऱ्यामुळं कळलं बहुतेक.

पाणी जरूर घाला, झाड तरतरीत असलं तरच घरटं टिकेल, फक्त बुंध्याशी घाला, पाईपनं पानांवर फवारा नको. पोरांना घरटं लांबून दाखवा, लपवू नका. माझा अनुभव असा की पोरांना एकदा सगळं समजावून सांगितलं की तीच राखण करतात. बोळाच्या तोंडाशी आठवडा-दोन आठवडे एखादी खुर्ची आडवी टाकून वाट वळवता आली तर बघा. मांजरासाठी अंजिराच्या बुंध्याला बोराटीची काटेरी फांदी गुंडाळून बांधा, आपल्याकडं शेळ्यांपासून रोपं वाचवायला करतात तसंच. अंडी उबायला साधारण बारा दिवस, आणि पिल्लं उडायला पुढं दोन आठवड्यांच्या आसपास. म्हणजे महिनाभराचा प्रश्न आहे. आणि एक करा, नायलॉनचा, पॉलिस्टरचा लांब दोरा मात्र बाहेर पडू देऊ नका. तो तुटत नाही, पिल्लाच्या पायाला गुंडाळला की पाय जातो. कापसाची कसर बिनधास्त पडू द्या.

प्रश्न : मंगळवेढ्याला आमची शाळूची शेती आहे. पीक गुडघ्याच्या वर आलं की लै बारके, लांब शेपटीचे पक्षी ताटाताटावर दिसतात, टी टी टी टी असं किड्यासारखं ओरडतात. गडी म्हणतो हे पण दाणे खाणार, आत्ताच हाकला. गोफण मारायची का? (शेतकरी वाचक)

उत्तर : नका ओ मारू. हा साधा वटवट्या, आणि याच्यासारखा फुकटचा मजूर तुम्हाला मिळायचा नाही. चोच बघितली की लगेच कळतं. दाणा खाणाऱ्याची चोच जाड, तिकोनी, अडकित्त्यासारखी असते, चिमणीची, सुगरणीची, मुनियाची बघा. याची चोच चिमट्यासारखी बारीक, टोकदार. त्या चोचीनं ज्वारीचा दाणा फुटतच नाही. तो ताटावर फिरतो ते अळ्या, मावा, तुडतुडे, बारके नाकतोडे वेचायला.

अंगानं फिकट मातकट, पोट पांढुरकं-पिवळसर, डोळ्यावर फिकट भुवई, शेपटी ढिली आणि लांब. पावसाळ्यात हाच उसात, उंच गवतात गवताच्या बारीक पट्ट्या विणून पिशवीसारखं घरटं करतो, हातात घेतलं तर मुठीत मावेल एवढं.

दाणे खाणारे येतात ते नंतर, कणसात दूध भरल्यावर, हुरड्याच्या दिवसात. चिमण्या, पोपट आणि मुख्य म्हणजे भोरड्या. भोरड्यांचा थवा शाळूत उतरला की काय होतं ते मंगळवेढ्याच्या माणसाला मी काय सांगू. पण भोरड्यांचंसुद्धा एक आहे, त्या दाणे खातात तसे टोळ-नाकतोडेही भरपूर खातात, मध्य आशियात त्यांची वीण सुरू असते तेव्हा तर पिल्लांना टोळच भरवतात. गोफण तेव्हा काढा, हाकलण्यापुरती. आत्ता गड्याला सांगा, बांधावरची तरवडाची, बोराटीची झुडपं तेवढी ठेव. औषध फवारायचंच असेल तर पिकात हे पक्षी किती आहेत ते आधी बघा. मेलेली अळी यानं पिल्लाला भरवली तर ते औषध पिल्लाच्याही पोटात जातं.

प्रश्न : अक्कलकोट रोडला नातेवाइकांच्या बागेत जुलैमधे बघितलं, राखाडी डोक्याचा इवलासा पक्षी आपल्यापेक्षा मोठ्या पिल्लाला भरवत होता. त्याच्या डोक्यावर उभा राहून घास देत होता म्हटलं तरी चालेल. हे काय प्रकरण आहे? पिल्लाला काही रोग आहे का? आणि हाच पक्षी उडताना चटचट असा ठिणगीसारखा आवाज येत होता.

उत्तर : रोग नाही, पिल्लू त्याचं नाहीच. इवला पक्षी तो राखी वटवट्या, डोकं-पाठ राखाडी, पोट तांबूस-बदामी, जिमी जिमी जिमी असं घाईघाईत गातो. उडताना चटचट येते तीच त्याची पक्की खूण, वायरीत स्पार्क झाल्यासारखी. नुसत्या त्या आवाजावर डोळे मिटून नाव सांगता येतं.

पिल्लू कोकिळेच्या कुळातल्या कारुण्य कोकिळेचं. पावसाळ्यात ढगाळ दिवशी तारेवर बसून रडवेल्या सुरात चढत चढत जाणारी शीळ घालत असते, करडी, कोकिळेपेक्षा खूपच लहान. कोकीळ कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं, ही वटवट्यांच्या आणि शिंप्याच्या घरट्यात घालते. पिल्लू उघडं लाल तोंड करून सारखं ओरडतं, आणि घरट्यात उघडलेल्या तोंडात घास टाकायचा एवढंच त्या आईबापाच्या अंगात भिनलेलं असतं. बघून जीव तुटतो हे खरं, मलाही तुटतो, पण त्यात हात घालायचा नाही. कारुण्य कोकिळेलाही जगायला दुसरी वाट नाही, आणि पावसाळा लांबला तर तीच वटवट्यांची जोडी पुन्हा घरटं करू शकते.

प्रश्न : मी कॉलेजला आहे. नान्नजला माळरानावर दोनदा गेले, काळवीट दिसले, पण छोटे पक्षी एकही ओळखता आला नाही. तिथं कुठले वटवटे बघायचे? आणि एका वटवट्याचं नाव आपल्या दख्खनवरून पडलंय असं ऐकलं, ते खरं का? (विद्यार्थिनी, सोलापूर)

उत्तर : नावात दख्खन नाही, पण त्याची पहिली शास्त्रीय नोंद दख्खनमधूनच झाली हे खरं आहे. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारचा अधिकारी, मुंबई सरकारनं त्याला १८२४ मधे दख्खनची आकडेवारी गोळा करायच्या कामावर नेमलं. शेती, लोकसंख्या, हवामान हे सगळं करता करता त्यानं इथले पक्षीही गोळा केले आणि १८३२ साली दख्खनच्या पक्ष्यांची यादी लंडनच्या झुऑलॉजिकल सोसायटीत मांडली. त्यात एका फिकट, मातकट, बाभळीत वावरणाऱ्या वटवट्याला त्यानं नाव दिलं रामा. आज त्याला साइक्सचा वटवट्या म्हणतात, आणि शास्त्रीय नावात ते रामा अजून तसंच आहे. बरीच वर्षं हा आणि वर सांगितलेला बूटेड एकच मानायचे, आता दोन वेगळे धरतात. साइक्सची चोच आणि शेपटी जरा लांब, आणि तो झुडपात, बाभळीत जरा वरच्या भागात असतो, तर बूटेड खाली, गवत-झुडपाच्या काठाला, कधी जमिनीवरसुद्धा. दोघंही हिवाळ्यातच येतात. दोन्ही ओळखायला मला काही वर्षं लागली, तू दोन फेऱ्यांत निराश होऊ नकोस.

नान्नजला तू हिवाळ्यात गेलीस तर आधी एकट्या-दुकट्या बाभळीखाली थांब. टक् टक् असा कोरडा आवाज आला की वर बघ, राखाडी डोकं, कानावर गडद डाग, गळा स्वच्छ पांढरा, तो छोटा शुभ्रकंठी. त्याच्यापेक्षा अंगानं मोठा, काळसर टोपीचा आणि फिकट डोळ्याचा दिसला तर तो ऑर्फियन वार्बलर, त्याचं डोळ्याचं बुबूळ असं पांढुरकं चमकतं की बघणारा दचकतो. दोघांनाही बाभूळ प्रिय.

पण माळ खरा ऐकावा तो पावसाळ्यात. गवत हिरवं झालं की झिट्... झिट्... झिट् करत एक एवढासा पक्षी हवेत वर चढत जातो, प्रत्येक झिटला एक झोका, आणि वरून एकदम गवतात दगडासारखा पडतो. उतरताना शेपटी पंख्यासारखी उघडते, टोकाला पांढरी कड दिसते. त्याला सिस्टिकोला म्हणतात. आणि झुडपाच्या अगदी टोकावर छाती काढून, न थकता तेच तेच दोन सूर घोळवणारा जाड चोचीचा वटवट्या दिसला तर तो रान वटवट्या. हे दोघं इथलेच, बाराही महिने.

एक गोष्ट मात्र नीट समजून घे, कारण वर मी बोराटी वाचवा म्हटलं आणि तू नान्नजला वेडी बाभूळ काढताना बघशील. दोन्ही बरोबर आहे. वेडी बाभूळ बाहेरून आणलेली, ती माळावर पसरली की गवत मरतं, आणि गवत मेलं की सिस्टिकोला, चंडोल, काळवीट सगळ्यांचंच घर जातं. १९७९ साली हे अभयारण्य माळढोकासाठी झालं ते गवताच्या जोरावर. माळावर गवतच हवं, मधेमधे आपली साधी बाभूळ, हिवर, बोर. शहरात जिथं गवतही नाही नि झाडही नाही तिथं ती काटेरी रांगच शेवटचा आसरा असते. कुठं काय ठेवायचं हे जागा बघून ठरवायचं.

जाता जाता सांगतो, नान्नजला जाणं जमलं नाही तर भुईकोट किल्ल्याच्या तटाकडं हिवाळ्यात लक्ष ठेव. दगडांवर उंदरासारखा सरपटत, फटीफटीत चोच घालत फिरणारा, पोट गंधकासारखं पिवळं असा वटवट्या दिसला तर मला लगेच कळव. त्याला दगडी भिंती, कातळ, पडके वाडे आवडतात. आणि हिप्परग्याच्या तलावावर पाणकणसाच्या दाटीतून कर्कश, घोगरं, मोठ्यानं भांडल्यासारखं गाणं आलं तर तो खराखुरा बोरूत राहणारा बोरू वटवट्या. तिथं दुर्बिणीची घाई करू नकोस, आधी पाच मिनिटं नुसतं ऐक.

प्रश्न : मोबाईलला ब्लूटूथ स्पीकर जोडून पक्ष्याचा आवाज लावला की तो बाहेर येतो आणि फोटो छान मिळतो. आमच्या ग्रुपमधे बरेच जण करतात. यात चूक काय? आणि दुर्बीण कुठल्या नंबरची घ्यावी?

उत्तर : तो बाहेर येतो कारण त्याला वाटतं की कोणी घुसखोर आपल्या इलाक्यात आलाय. खाणं सोडून तो भांडायला येतो, सापडत कोणीच नाही, शोधत राहतो. विणीच्या दिवसात तेवढ्या वेळात अंडी उघडी पडतात, हिवाळ्यात त्याचा चरायचा वेळ जातो, आणि उघड्यावर आला की शिक्र्याच्या नजरेला पडतो. एका फोटोसाठी हे करू नका, आणि ग्रुपमधल्यांनाही माझं नाव सांगून थांबवा.

दुर्बीण आठ बाय बेचाळीस घ्या. जास्त पॉवरची घेतली तर हात हलतो आणि झुडपातला पक्षी सापडेपर्यंत निघून जातो.

स्पीकरपेक्षा चांगला उपाय सांगतो, तो जुळे सोलापूरच्या वाचकांसाठीही आहे. एप्रिलच्या सुरुवातीला, ऊन तापायच्या आत, साडेसहाच्या सुमाराला सूर्य पाठीशी घेऊन त्या बोराटीपासून वीस पावलांवर खुर्ची टाकून बसा. सहा महिने नुसतं चक् करणारा तो पक्षी परत निघायच्या आधी गायला लागतो. हळू आवाजात, स्वतःशीच, एकेक तुकडा दोन-तीनदा घोळवून. हा नकलाकार आहे, तिकडं उत्तरेत जूनच्या रात्री रात्रभर गातो आणि गाण्यात भोवतालच्या पक्ष्यांचे आवाज घालतो. तुमच्या बोराटीत बसून त्याची तयारी चालू असते. त्यात कुणाकुणाचे आवाज ओळखू आले ते लिहून पाठवा, पुढच्या अंकात छापू.